झाडी, शेततळं आणि डिस्क गोल्फ: अडचणीचा कोर्स कसा खेळावा

मोकळ्या मैदानावर ७० मीटर फेक जमली की नवा खेळाडू खूश असतो. तीच फेक कडुनिंबाच्या दोन खोडांमधून काढायची आणि डाव्या अंगाला शेततळं असलं, तर निम्मी ताकद आवरूनच धरावी लागते. अशा कोर्सवर लांब फेकणारा मागे पडतो आणि ४५ मीटर सरळ फेकणारा पुढे जातो. झाडी आणि पाणी चुकीची किंमत वाढवतात. त्यामुळे टीवर, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेवर, उभं राहिल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: फेक चुकली तर डिस्क कुठे जाईल?

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टीवरून डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारखी चपटी तबकडी, फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक, आणि साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये जाईपर्यंत जितक्या फेकी तितका स्कोअर. कमी स्कोअरवाला जिंकतो. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी पहिला कायमचा कोर्स मांडला, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांचं बास्केट नंतर आलं. त्यामुळे बास्केट नाही म्हणून कुणी अडून बसू नये. बांधावरचा एखादा सिमेंटचा खांब किंवा रिकामा ड्रमसुद्धा सरावाला पुरतो.

जागा आणि मांडणी

तयार कोर्स जवळ नसेल, तर मराठवाड्यात जागेची तशी वाण नाही. अडचण असते ती योग्य जागा निवडण्याची. केशर आंब्याच्या घन लागवडीत ओळींमधले बोळ सरळ असतात, पण फांद्या कमरेच्या उंचीपासून सुरू होतात. म्हणजे डोक्यावर आकाश मोकळं आणि दोन्ही बाजूंना भिंती. जुन्या गावठी आमराईत उलटं: खाली ऐसपैस, वर छत. किनवटकडे दिसतं तसं सागाचं रान म्हणजे उंच सरळ खोडं, कमी फांद्या आणि बऱ्याच अरुंद फटी. नदीकाठच्या वेड्या बाभळीच्या रानात मात्र होल, म्हणजे टी ते बास्केट हा एक टप्पा, मांडूच नका. त्यात फट नसते, काटा चपलेतून आरपार जातो आणि डिस्क शोधायला कुणी आत जात नाही.

मालकाची परवानगी आधी. मोहोर धरल्यापासून फळं उतरेपर्यंत आमराईत डिस्क फेकायची नाही, कितीही जवळचा मालक असला तरी. दीडशे ग्रॅमची डिस्क मोहोराच्या फांदीवर आपटली की खाली काय सांडतं ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. गौताळा किंवा नायगावचं मयूर अभयारण्य अशा संरक्षित जागी हा खेळ मांडायचा विचारही नको.

बास्केट एकच असेल तर ते मध्ये ठेवा आणि टी बदला. एका बास्केटभोवती पाच-सहा टी आखल्या की झाडांमधून जाणारा, पाण्याच्या कडेने जाणारा आणि पाण्यावरून जाणारा असे वेगवेगळे होल मिळतात. दोन टींच्या फेकी एकमेकींना छेदणार नाहीत आणि कुठल्याच फेकीच्या रेषेत पायवाट, गोठा किंवा विहीर येणार नाही, एवढं पाहा.

शेततळ्याजवळ होल असेल तर ओबी, म्हणजे हद्दीबाहेरची रेषा, पाण्याच्या काठावर धरू नका. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी फक्की मारा आणि तिथून आत सगळं ओबी जाहीर करा. म्हणजे पुढची फेक मारायला कुणाला उतारावर उभं राहावं लागत नाही. एखाद्या धरणाच्या फुगवट्याकडेला खेळत असाल तर उन्हाळ्यात पाणी मागे सरत जातं, म्हणून रेषा दर वेळी नव्याने आखावी लागते.

पिशवीत काय असावं

पाच डिस्क पुरतात. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. स्पीड म्हणजे ती नीट उडायला किती वेग लागतो, ग्लाइड म्हणजे हवेत किती तरंगते, टर्न म्हणजे वेगात असताना किती वळते आणि फेड म्हणजे वेग संपताना उलट्या बाजूला किती ओढली जाते.

दोन पटर, म्हणजे जवळच्या फेकीच्या डिस्क, घ्या, इनोव्हा कंपनीच्या एव्हिअरसारखे (२, ३, ०, १). एक बास्केटसाठी, दुसरा झाडीतल्या छोट्या फेकींसाठी. एक सरळ जाणारी मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची, डिस्क्राफ्ट कंपनीच्या बझसारखी (५, ४, -१, १). एक हट्टी फेडवाली मिडरेंज, रॉकसारखी (४, ४, ०, ३). आणि एक फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची, लेपर्डसारखी (६, ५, -२, १). बारा स्पीडची ड्रायव्हर घरी ठेवा. तिला लागणारा वेग नव्या हातात नसतो. वेग कमी पडला की ती सुरुवातीपासूनच डावीकडे घसरते आणि फट असते समोर.

वजन १६५ ते १७५ ग्रॅमच्या आसपास ठीक. पाण्यावर सरावासाठी तरंगणारी एखादी डिस्क ठेवता येते. इनोव्हाची ड्रॅगन ही ड्रायव्हर किंवा हायड्रा ही पटर पाण्यावर राहते. बहुतेक चांगल्या प्लास्टिकच्या डिस्क मात्र सरळ तळ गाठतात.

रंगाला अनेक जण महत्त्व देत नाहीत आणि मग दर होलवर शोधाशोध करत बसतात. हिरवी आणि तपकिरी तर नकोच, निळी सावलीत हरवते. फाल्गुनात पळस झडायला लागला की खाली फुलांचा सडा पडतो, तेव्हा केशरी डिस्कही कामाची राहत नाही. गडद गुलाबी बाराही महिने दिसते. डिस्कच्या आतल्या बाजूला मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा.

याशिवाय दोन सुती पंचे (एक चिखलाला, एक हात पुसायला), लाइ, म्हणजे पुढची फेक मारायची जागा, दाखवायला छोटी मिनी डिस्क, घोट्यापर्यंतचे बूट आणि पाणी. उन्हाळ्यात डिस्क बंद गाडीत ठेवू नका. साधं प्लास्टिक मऊ पडून कड वाकडी होते आणि तशी डिस्क सरळ जात नाही.

डिस्क शेवटी कुठे वळते

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढत, मारला की डिस्क वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते. वेगात असताना ती सरळ किंवा थोडी उजवीकडे जाते आणि वेग ओसरला की डावीकडे उतरते. उजव्या हाताच्या फोरहँडला, म्हणजे हात उजव्या अंगाने पुढे आणून मारलेल्या फेकीला, फिरकी उलटी, म्हणून शेवट उजवीकडे. डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलटं वाचावं.

झाडी-पाण्याच्या कोर्सवर निम्मे निर्णय यातूनच निघतात. पाणी डावीकडे असेल तर बॅकहँडची प्रत्येक फेक शेवटी पाण्याकडे ओढली जाते, म्हणून फोरहँड. पाणी उजवीकडे असेल तर बॅकहँड, कारण शेवटी ती कोरड्याकडे परत येते. फोरहँड जमत नसेल तर डाव्या पाण्याच्या होलवर बॅकहँडच मारा, पण लक्ष्य बास्केटच्या बरंच उजवीकडे धरा आणि पाण्याच्या अलीकडे थांबेल एवढीच फेक करा.

वाऱ्याने यात बदल होतो. समोरून वारा आला की डिस्कला हवेचा वेग जास्त लागतो. ती जास्त टर्न घेते आणि वरही उचलली जाते. अशा वेळी हट्टी डिस्क, खालून. पाठीमागून वारा असेल तर ती लवकर बसते आणि फेडही लवकर सुरू होतो. तेव्हा लेपर्डसारखी सैल डिस्क बरी. झाडीत उभं असताना वारा कळत नाही, पण शेततळ्याच्या भरावापाशी डिस्क उघड्यावर येते. म्हणून फेकण्याआधी पाण्यावरच्या लहरी बघून घ्या. आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात पाण्यावरून जाणारा होल सोडूनच दिलेला बरा.

फटीतून फेक

नवा खेळाडू फटीकडे बघतो, पण डोळे अडकतात खोडावर. मग डिस्कही तिथेच. पुढच्या क्रमाने करा.

१. टीवर जाण्याआधी होल चालून पाहा. पहिली फट किती अंतरावर, किती रुंद, डोक्यावर छत किती उंच, आणि फटीच्या पलीकडे डिस्क पडायला जागा आहे का, हे चार आकडे मनात हवेत. पावलांनी मोजा, माणसाचं लांब पाऊल साधारण पाऊण मीटर धरा.

२. सगळ्यात जवळची फट सगळ्यात सोपी. ३ मीटरची फट १५ मीटरवर असेल तर दोन्ही बाजूंना साधारण ५ ते ६ अंश चुकायची मुभा असते. तीच ३० मीटरवर असेल तर ३ अंशांहूनही कमी. एका अंशाची चूक ६० मीटरवर सुमारे १ मीटर होते. म्हणून दोन फटी असतील तर लांबच्या फटीचा विचार पहिल्या फेकीत करू नका. पहिली पार करून मध्ये थांबा.

३. फटीच्या पलीकडे छातीच्या उंचीवर एक खूण धरा: एखादं पान, सालीचा डाग, काहीही. नजर तिथेच.

४. मागे हात नेऊन बघा. बॅकस्विंगमध्ये फांदी लागली तर फेक बिघडते आणि मनगटही दुखावतं.

५. धाव घेऊ नका, उभ्याने मारा. काळ्या रानात ढेकळं आणि उन्हाळ्यात भेगा असतात. त्यात पाय अडकला तर फेक जाऊ द्या, घोटा जायचा. उभ्याने मारलं तर अंतर थोडं घटतं, पण दिशा सुधारते.

६. डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचलू देऊ नका. नाक वर गेलं की डिस्क चढते, छताला लागते किंवा हवेत थबकून खाली बसते. अंगठा डिस्कच्या वर घट्ट, मनगट किंचित खाली आणि हात छातीच्या रेषेत सरळ ओढलेला. झाडीतल्या बऱ्याच चुका इथेच होतात.

७. ताकद साधारण सत्तर टक्के. सुटताना डिस्क सपाट हवी. वळणाच्या होलवरच ती तिरपी करा. डावीकडे वळणारा होल असेल तर बाहेरची कड खाली ठेवून सोडा, त्याला हायझर म्हणतात. उजवीकडे वळणारा असेल तर बाहेरची कड वर, म्हणजे अॅनहायझर, किंवा सरळ फोरहँड.

सागाच्या रानात एक पर्याय उघडतो: डिस्क उभी धरून डोक्यावरून मारायची. ती वर जाते, हवेत उलटी होते आणि छतापलीकडे खाली येते. छान दिसतं, पण खांद्यावर ताण येतो. रोज शंभर फेकी करायचा प्रकार नव्हे.

झाडीत अडकल्यावर

इथे स्कोअर बिघडतो, आणि बिघडतो तो हट्टामुळे. दोन खोडांमध्ये हातभर फट दिसते, पलीकडे बास्केट चमकत असतं आणि माणूस तीच मारतो. डिस्क खोडावर आपटून आणखी मागे येते. चार फेकी गेल्या तरी माणूस तिथेच.

आधी सगळ्यात रुंद फट शोधा, मग ती बास्केटपासून दूर नेणारी असली तरी चालेल. पटर घ्या, गुडघा टेकवा आणि छताखालून २० मीटर मोकळ्यात काढा. एक फेक गेली, पण पुढची सरळ मिळाली.

उभं राहण्याचे नियमही पाळायचे असतात. लाइ म्हणजे मिनी डिस्कच्या मागची २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल जागा. फेक सुटताना एक पाय किंवा गुडघा त्यात टेकलेला हवा. जिवंत फांदी मोडायची नाही, वाकवून बांधायची नाही; जिथे उभं राहिल्याने ती कमीत कमी हलेल तसं उभं राहायचं. खाली पडलेल्या वाळक्या काटक्या, दगड आणि पानं लाइवरून किंवा लाइच्या मागून बाजूला करता येतात, पुढून नाही. लाइ एखाद्या मोठ्या खोडामुळे अडली असेल तर त्याच रेषेत खोडाच्या लगेच मागे उभं राहायची मुभा आहे.

डिस्क झाडावर राहिली तर ती जिथे आहे त्याच्या थेट खालून खेळायचं. दोन मीटरपेक्षा उंच राहिली तर एक दंड, म्हणजे स्कोअरमध्ये एक जादा फेक, हा नियम आयोजकाने आधी जाहीर केला असेल तरच लागू. काढायला दगड मारण्याआधी मात्र वर नीट बघा. वड-पिंपळावर आग्या मोहोळ असतं आणि दगड चुकून त्याला लागला तर सगळ्यांना पळून सुटणंही अवघड. मोहोळ दिसलं की ती डिस्क सोडून द्या. लाइपाशी अशा माशा किंवा विषारी प्राणी असेल तर दंड न घेता लाइ बास्केटपासून मागे, त्याच रेषेत नेता येते.

हरवलेली डिस्क शोधायला ३ मिनिटं मिळतात. नंतर एक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेक. सागाच्या वाळलेल्या पानांत डिस्क सरपटत आत शिरते, ती वरून दिसत नाही. पाय फरफटत पानं उलथत चला, आणि हात घालण्याआधी काठीने चाचपा. घोणस आणि फुरसं पानांच्या रंगातच मिसळून बसतात.

पाण्याचा हिशेब

समजा होल ८० मीटरचा आहे. टीपासून १८ मीटरवर दोन कडुनिंब, मध्ये ३ मीटर फट. ४२ ते ७२ मीटरपर्यंत डावीकडे शेततळं, त्याचा भराव रेषेपासून जेमतेम ४ मीटरवर. उजवीकडे वेडी बाभूळ. बास्केट तळ्याच्या कोपऱ्यापुढे.

फट पार झाली म्हणजे सुटलो, असं इथे होत नाही. फटीच्या डाव्या कडेला घासून गेलेली डिस्क ५० मीटरवर रेषेच्या ४ मीटर डावीकडे असते, आणि फेड अजून सुरूही झालेला नसतो. म्हणजे ती ओबी. बॅकहँडने इथे फटीचा फक्त उजवा अर्धा भागच खरा उपयोगाचा, १.५ मीटरचा.

आता दोन पर्याय. एक, पटरने ३८ मीटर तळ्याच्या अलीकडे थांबायचं, मग ४२ मीटरची फोरहँड बास्केटच्या उजव्या अंगाला, मग पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायची छोटी फेक. यात स्कोअर बहुतेक ३, कधी ४, सरासरी ३.३ धरा. दोन, सरळ बास्केटकडे. कोरडी राहिली तर सरासरी २.८. पाण्यात गेली तर पहिली फेक, एक दंड, मग काठावरून जवळ आणायची आणि पट: ४, कधी ५, सरासरी ४.३. गणित मांडलं तर दुसरा पर्याय परवडतो तो तीनपैकी एकापेक्षा कमी वेळा पाण्यात जात असेल तेव्हाच. स्वतःचा आकडा काढायला मोकळ्या रानात तेवढ्याच अंतरावर दोन काठ्या रोवा आणि वीस फेकी मारा. डाव्या काठीबाहेर सात किंवा त्याहून जास्त गेल्या तर पटर काढा. अभिमान बाजूला ठेवायला हा आकडा फार मदत करतो.

पाण्यावरूनच जायचं असेल तर काठ हे लक्ष्य कधी ठेवू नका. पलीकडच्या काठाच्या १० मीटर पुढची खूण धरा आणि जी डिस्क सहज तिथपर्यंत जाते तीच घ्या. पाण्यावर डिस्क ‘बसते’ असं बरेच जण म्हणतात. पाणी डिस्कला ओढत नाही. भीतीने हात आवळला जातो, नाक वर उचललं जातं आणि डिस्क थबकते.

शेततळ्याचा भराव जमिनीच्या वर आलेला असतो, ही त्याची आणि नदी-तलावाची मोठी तफावत. खालून गेलेली चुकीची फेक भरावाच्या बाहेरच्या उतारावर आपटून परत येते. उंच फेक मात्र भराव ओलांडून सरळ पाण्यात. तळ्याच्या कडेने जाताना डिस्क कमरेच्या उंचीवर ठेवली तर दंड बसला तरी डिस्क कोरडी राहते.

दंड आणि सूट

डिस्क सगळ्या बाजूंनी पूर्ण ओबीत असेल तरच ओबी. थोडीशीही कड आतल्या जमिनीवर असेल तर दंड नाही. ओबी झाली तर एक दंड. मग आधीच्या जागेवरून खेळा, किंवा ती शेवटची जिथे आत होती तिथे रेषेपासून काटकोनात १ मीटरपर्यंत आत लाइ घ्या, किंवा आयोजकाने ड्रॉप झोन, म्हणजे अशा फेकीसाठी ठरवलेली जागा, दिला असेल तर तिथून. बॅकहँडने डाव्या तळ्यात गेलेली डिस्क सहसा बरीच पुढे जाऊन आत शिरते, म्हणून काठावरची लाइ बहुधा फायद्याची. टीसमोरच पाण्यात गेली असेल तर आधीच्या जागेवरून पुन्हा मारणंच बरं.

पावसानंतर रानात साचलेलं पाणी आयोजकाने ओबी म्हटलेलं नसेल, तर त्यातून दंडाशिवाय सूट मिळते: बास्केटपासून मागे, त्याच रेषेत, कोरड्या जागी लाइ घ्या. प्रत्येक डबक्याला ओबी म्हणून वाद घालू नये.

बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर पुढे झेपावता येत नाही. तोल सावरून, मिनीच्या मागे स्थिर उभं राहून मगच पुढे. बास्केटच्या मागे लगेच पाणी असेल आणि अंतर ८ मीटरच्या वर असेल, तर साखळ्यांवर जोरात न मारता वरून हळू सोडा. हुकली तरी डिस्क बास्केटपाशीच बसते. तेही नको वाटलं तर ३ मीटर अलीकडे ठेवून दोनात संपवा.

पाण्यातून डिस्क काढणे

अस्तराच्या शेततळ्यात कुणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. पाचशे मायक्रॉनचं ओलं प्लास्टिक आणि त्यावर शेवाळ. एकदा उतारावर पाय सरकला की वर यायला धरायला काही नसतं. नेहमीचं ३० × ३० मीटरचं तळं ३ मीटर खोल असतं. दरवर्षी त्यात माणसं आणि जनावरं जातात. अशा तळ्याकाठी खेळताना कासरा आणि हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा, आणि लहान मुलांना भरावावर चढू देऊ नका.

डिस्क आत गेली की फेकणाऱ्याने जागेवरून हलू नये. त्याने ती शिरली त्या रेषेत पलीकडची एखादी खूण धरावी, दुसऱ्याने बाजूने तसंच करावं. दोन रेषा मिळतात तिथे शोध सुरू करा. डिस्क पाण्यातही थोडी पुढे सरकून तळाला बसते, म्हणून तिथून दोन-तीन मीटर पुढेही पाहा. अस्तराच्या तळ्यात लोखंडी दाताळं टाकायचं नाही. अस्तर फाटलं तर डिस्कपेक्षा कैक पट खर्च मालकाला येतो. लांब बांबूला मासे धरायची जाळी बांधून काठावरून, भरावाच्या माथ्यावर बसून काढा. बिनअस्तराच्या तळ्यात दाताळ्याला नायलॉनची दोरी बांधून, पलीकडे फेकून सावकाश ओढता येतं. कालव्यात गेलेली डिस्क गेली समजा. वाहत्या पाण्यामागे धावायचं नाही.

मोसम आणि सराव

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत खेळायला सगळ्यात बरं. श्रावणात गवत आणि गाजरगवत कमरेपर्यंत येतं, काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतात. दर फेकीआधी काडीने तळवा खरवडला नाही तर पाय घसरतोच. ओली डिस्क हातातून आधी सुटते आणि उजवीकडे-डावीकडे कुठेही जाते, म्हणून कडेची आतली बाजूही पुसा. दिवाळीनंतर कुसळं मोज्यात शिरतात, तेव्हा जाड पँट घाला. मार्चनंतर पानगळीने फटी उघडतात, पण खेळ सकाळी नऊच्या आत आटपा.

आठवड्यात दोन सराव पुरे. पहिला फटीचा: दोन बांबू ३ मीटर अंतरावर रोवा, १५ मीटरवरून पटरने वीस फेकी, मग बांबू २ मीटरवर आणा. वीसपैकी पंधरा आतून गेल्याशिवाय फेकीचं अंतर वाढवू नका. दुसरा फोरहँडचा: ३० मीटरवर जुनी गोणी अंथरा आणि डिस्क तिच्या उजवीकडे ५ मीटरच्या आत थांबेल अशा फेकी मारा. डावीकडे गेलेली प्रत्येक डिस्क पाण्यात गेली असं धरून वहीत मांडा. पंधरा दिवसांनी तोच आकडा वरच्या तीनपैकी एकच्या हिशेबात टाकून पाहा, आणि मग ठरवा की त्या ८० मीटरच्या होलवर कुठली डिस्क हातात घ्यायची.